भिंगरीची रेघ

पिशवीकाकू पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायच्या. जाणार कुठे? रंग कोणता, चेन डावीकडे हवी की उजवीकडे, हे सगळं त्यानंतर. आणि हे विचारणं काही उगाच भोचकपणा म्हणून नव्हतं. नदीच्या घळीतून जाणाऱ्याची पिशवी वेगळी आणि उघड्या पठारावरून जाणाऱ्याची वेगळी. घळीत पाणी उडतं, तिथे शिवणीवर आतून टेप लावावी लागते. जंगलात फांद्या ओरबाडतात, तिथे कापड जाड लागतं. गिऱ्हाईक हुरळून सांगत सुटायचं, काकू फ्रेम मोजता मोजता ऐकायच्या, आणि शेवटी गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच ती वाट जास्त कळलेली असायची.

गिऱ्हाईक म्हणजे ग्रॅव्हलवाले. सायकल चालवणाऱ्यांमधली ही वेगळीच जमात. चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीच्या, मातीच्या, लाकूडतोड्यांनी कधीकाळी पाडून सोडून दिलेल्या वाटांनी जायचं, ढोपरं फोडून घ्यायची आणि परत आल्यावर तोंड भरून सांगायचं की मजा आली. त्यांना सायकलच्या त्रिकोणात चपखल बसणाऱ्या पिशव्या लागतात, सीटमागे लटकवायच्या लागतात, कमरेला बांधायच्या लागतात. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काकूंची दोन मशीनं, टेप चिकटवायची इस्त्री आणि भिंतीला टेकून उभे कापडाचे गठ्ठे. मागच्या खोलीत एक लांब टेबल आणि त्यावर वाकलेले काका. काका कापायचे, काकू शिवायच्या. काकांची एक खोड होती. कापायच्या प्रत्येक रेघेच्या टोकाला ते खडूने एक छोटी आडवी रेघ मारायचे, म्हणजे कात्रीने तिथे थांबावं. इतकी वर्षं हेच काम करताय, तरी तुमचा तुमच्या हातावर भरवसा नाही, असं काकू चिडवायच्या. काका म्हणायचे, हातावर आहे, कात्रीवर नाही.

हे सगळं भिंगरी होती तेव्हाचं.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून काकांनीच तिला ते नाव पाडलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती घळीवरच्या जुन्या वाटेने एकटीच गेली. एका वळणाच्या पलीकडे डोंगराचा कडा वाटेसकट खचला होता. ते तिला दिसलं तेव्हा उशीर झाला होता. सायकल खडकांत अडकून राहिली आणि ती पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्याच्या जाळीपाशी सापडली. ओळख पटवायला काका गेले. काकूंना कोणी जाऊ दिलं नाही.

तिच्या कमरेला काकूंनीच शिवलेली पिशवी होती. पिशवीत सायकलवर लावायचं नकाशाचं यंत्र होतं. हे लोक त्याला नुसतं डबी म्हणतात. एरवी डबी हँडलवर बसते, पण त्या दिवशी हँडलवरचं कडं तुटलं होतं, म्हणून भिंगरीने ती कमरेच्या पिशवीत टाकली होती. आत पाण्याचा एक थेंब शिरला नव्हता. टेप आतून दोनदा मारलेली, काकूंच्या हातची शिवण. डबी चालूच होती. कोण कुठून कुठे चाललंय, हे ती इमानेइतबारे टिपत राहिली होती. घरी आणल्यावर काकूंनी ती हातात घेतली तेव्हा पडद्यावर प्रश्न होता, राइड जपून ठेवायची की टाकून द्यायची? काकूंनी जपून ठेवायचं बटण दाबलं. दुसरं काय दाबणार होत्या? मग घरातल्या वायफायवरून राइड आपोआप ॲपवर चढली, आणि ॲपने अभिनंदन केलं, की ही तुमची आजवरची सर्वात लांब राइड आहे. कोणा अनोळखी माणसांनी खाली टाळ्यांची चित्रंही टाकली.

त्यानंतर काकूंनी ‘जाणार कुठे’ विचारणं सोडून दिलं. कोणी आपणहून सांगायला लागलं, तर त्या मशीनचं पायडल दाबायच्या. मशीनच्या आवाजात माणूस आपोआप गप्प होतो.

आणि रोज दुपारी, काका मागे डुलकी काढत असताना, त्या भिंगरीच्या जुन्या फोनवर ती राइड उघडून बसायच्या. ॲपमध्ये एक ठिपका चालतो, जसा माणूस चालला असेल तसा. ठिपका घरापासून निघायचा, पूल ओलांडायचा, मोठा चढ चढायचा, जंगलात शिरायचा. मग ओढा, मग दुसरा ओढा, मग ते वळण. तिथे ठिपका जरासा अडखळायचा आणि पुढे निघायचा. पुढचं सगळं पाणी. पण नकाशावर ते तसं दिसत नसे. घळीत दोन्ही बाजूंना डोंगर उभे असले की यंत्राला जागा नीट सापडत नाही, रेघ थोडी बाजूला सरकते. म्हणून ती नदीच्या पात्रात न दिसता काठाकाठाने गेलेली दिसायची. वेगही असा, की कोणी रमतगमत सायकल चालवतंय. मधे एकदाही न थांबता, थेट बंधाऱ्यापर्यंत.

काकूंचं म्हणणं साधं होतं. तेवढा सगळा वेळ पोरीजवळ कोणी नव्हतं. आई नव्हती, बाप नव्हता. ही रेघ तेवढी होती. काकूंचा त्या रेघेवर जीव जडला होता, आणि तो का जडला हे त्यांना कोणाला समजावून सांगायचं नव्हतं.

काकांनी ती रेघ कधीच पाहिली नाही. काकू फोन घेऊन जवळ आल्या की ते कात्रीला धार लावायला घ्यायचे. दोन वर्षांत ती कात्री धार लावून लावून निम्मी झाली. भिंगरी हे नावही त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. ‘ती होती तेव्हा’ एवढंच म्हणायचे, तेही क्वचित.

रेघेवरून पहिलं भांडण झालं ते वाटाड्याशी. वाटाड्या हे त्याचं या जमातीतलं नाव. डोंगरातल्या वाटा स्वतः फिरून बघायच्या आणि मग लोकांसाठी नकाशावर टाकायच्या, हे त्याचं काम. ज्या वाटेवर स्वतःचं चाक फिरलं नाही ती वाट तो कोणाला देत नसे. भिंगरीला सायकलचं वेड त्यानेच लावलं होतं, त्यामुळे काकूंच्या दुकानात तो यायचा तो खाली मान घालूनच.

त्याने सांगितलं ते असं. ॲपला दोन ठिकाणं दिली की ते मधली वाट जोडून देतं. जोडताना ते एवढंच बघतं, की पूर्वी तिथून कोणी गेलंय का. भिंगरीचे दोस्त खचलेल्या कड्यापर्यंत जाऊन फुलं ठेवून आले होते, पुनःपुन्हा जात होते, आणि त्यांच्या येण्याजाण्याने तिथपर्यंतची वाट नकाशावर चांगली ठळक झाली होती. कड्यापुढे रेघ एकच होती, भिंगरीची. पण यंत्राला एकही पुरते. वाटाड्याने कड्याच्या अलीकडे पाटी लावली, ती दरडीबरोबर खाली गेली. ॲपच्या कंपनीला कळवलं, तिकडून आभाराचं उत्तर आलं. रेघ लपवून ठेवायची सोय त्या ॲपात नव्हती. ठेवा नाहीतर पुसा. आणि पुसायची तर ती भिंगरीच्या खात्यातूनच पुसता येणार होती, म्हणजे काकूंनाच. ती मी तुम्हाला कागदावर छापून देतो, असंही तो म्हणाला. काकूंना कागद नको होता. कागदावर ठिपका चालत नाही.

“काकू, ती वाट नाहीये,” शेवटी तो म्हणाला. “आपल्याला माहितीये. पण बघणाऱ्याला ती वाट वाटते.”

“मग बघणाऱ्याला डोळे नाहीत का?”

“त्या वळणापलीकडचं दिसत नाही. भिंगरीला तरी कुठे दिसलं?”

काकूंनी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला. तो अर्धा भरलेला होता. मोरीत चहा ओतल्याचा आवाज येईपर्यंत वाटाड्या बसून राहिला, मग उठून गेला. तरी तो पुन्हा आला, पुन्हा तेच बोलला, आणि काकू दर वेळी ‘बघते’ म्हणाल्या. काकूंचं ‘बघते’ म्हणजे नाही, हे काकांना लग्नापासून ठाऊक होतं. वाटाड्याला ते कळायला वेळ लागला.

मग दुकानात डॉक्टरीण आली. दातांची डॉक्टर, नवी कोरी सायकल, आणि बोलण्याला खंड नाही. दिवसभर तिच्या खुर्चीतली माणसं तोंड उघडून गप्प पडलेली असतात, त्यामुळे दोघांच्या वाटचं स्वतःच बोलायची तिला सवय लागली असावी. तिला फ्रेमची पिशवी हवी होती, खाऊ ठेवायला एक कप्पा, पंक्चरच्या सामानाला एक. काकूंनी पुठ्ठ्यावर त्रिकोण काढून घेतला. पोरगी त्यांना आवडली. भिंगरीसारखीच बोलताना एका पायावर झुलत होती.

“काकू, तुम्हाला सांगते, मी कुठे जाणार आहे माहितीये का,” तिने सुरुवात केली, आणि काकूंनी पायडल दाबलं. डॉक्टरीण हसून थांबली. तिला वाटलं काकू कामात आहेत. मशीनमध्ये तेव्हा कापडसुद्धा नव्हतं.

पिशवी झाली ती देखणी झाली. ती न्यायला डॉक्टरीण सकाळीच सायकल घेऊन आली, तेव्हा काकू दोरा आणायला बाजारात गेल्या होत्या. काकांनी पिशवी दिली, तिने ती तिथेच फ्रेमला बांधली आणि परस्पर निघाली.

हे काकांनी दुपारी जेवताना सांगितलं.

“खूश होती,” ते म्हणाले. “नदीकाठाने बंधाऱ्यापर्यंत जाणार म्हणाली. मी म्हटलं, वाट कशी आहे कोण जाणे. तर म्हणे चांगलीच असणार. आधी एक जण गेलीय म्हणे तिथून, मधे एकदाही न थांबता...”

काकांचा घास हातातच राहिला. काकूंनी ताटावरून वर पाहिलं.

“तिने मला दाखवली,” काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “फोनवर समोर धरली. मी चष्मा लावला नव्हता. मी छान म्हटलं.”

खरकट्या हातानेच त्यांनी डॉक्टरिणीला फोन लावला. तो लागेना. जंगलात शिरल्यावर कोणाचाच लागत नाही. मग त्यांनी भिंगरीचा फोन घेतला, राइड उघडली आणि पुसायचं बटण शोधून काढलं. दोन वर्षं ते बटण तिथेच होतं आणि त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. ॲपने विचारलं, नक्की पुसायची? परत मिळणार नाही. काकूंनी दाबलं. ज्या रेघेसाठी त्यांनी माणसं तोडली होती ती चुटकीसरशी गेली, आणि त्या जागी नुसता हिरवा डोंगर आणि निळी नदी राहिली.

मग त्यांनी वाटाड्याला फोन करून डॉक्टरीण त्या वाटेने गेल्याचं सांगितलं. रेघ पुसली, म्हणाल्या, आता ती चुकणार नाही ना?

“काकू, तिने ती निघायच्या आधीच डबीत उतरवून घेतली असणार. इथली पुसल्याने तिथली जात नाही. तुम्ही दारात थांबा, मी गाडी घेऊन येतो.”

काका ताटावरून उठले होते. त्यांनी हात धुतले, चपला घातल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली.

“मी बंधाऱ्यावर जातो,” ते म्हणाले.

का, ते काकूंनी विचारलं नाही. कोणीतरी तिथेही असायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. दोन वर्षांत काका त्या बाजूला फिरकले नव्हते. बाजारातून परततानाही लांबचा रस्ता धरायचे. आज ते स्कूटरला किक मारून तडक गेले, आणि त्यांचा फोन कात्रीशेजारी तसाच राहिला.

काकू वाटाड्याच्या गाडीत बसल्या. अंगावर कामाचा एप्रन तसाच होता. जाणार कुठे, हे दोन शब्द. ते तोंडातून निघाले असते तर पोरगी आता आपल्या दवाखान्यात कोणाची तरी दाढ बघत असती. रेघेचं तर जाऊच दे, पण नुसतं विचारायलाही आपल्याला जड झालं, आणि तेही कशासाठी, तर आपल्याला ऐकवत नाही म्हणून. काकूंना स्वतःची चीड आली होती, आणि त्या चिडीच्या तळाशी दुसरीही एक गोष्ट होती जी त्यांना कबूल करायची नव्हती. त्यांना रेघ पुसल्याचं वाईट वाटत होतं. आता या घटकेलाही वाटत होतं.

जंगलाच्या नाक्यावर आडवा खांब होता आणि त्याला कुलूप. गाडी पुढे जाईना. वाटाड्याने मागून सायकल काढली, तुम्ही सावकाश या म्हणाला आणि खडीवरून धडधडत निघून गेला. काकू चालू लागल्या.

त्या इथे आयुष्यात पहिल्यांदा येत होत्या, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. डावीकडे लांब वळण, मग चढ, मग ओढा. फोनवर बोटाने त्या इथून इतक्यांदा गेल्या होत्या, की पायांना नवल वाटत होतं. फक्त बोटाला चढ लागला नव्हता. बोटाखाली खडी सरकली नव्हती, आणि डाव्या हाताला झाडांच्या बुंध्यांमधून खालून येणारा तो एकसारखा आवाज फोनमध्ये कधी आला नव्हता. ओल्या मातीत चाकांच्या दोन खुणा होत्या. एक ताजी, वाटाड्याची. दुसरी थोडी सुकलेली. दोन्ही पुढे जात होत्या. परत येणारी एकही नव्हती.

दुसऱ्या ओढ्यापलीकडे त्यांना वाटाड्या दिसला. सायकल आडवी टाकून तो वळणावर पाठमोरा उभा होता, अगदी स्तब्ध. त्या पाठीवरून काही कळेना. काकूंनी झपाझप पावलं उचलली. अजून जवळ गेल्यावर त्याच्यापलीकडे, डोंगराला पाठ टेकून बसलेली डॉक्टरीण दिसली. एका हाताने तिने दुसरा खांदा धरला होता. तोंडाला मातीचा थर, ओठ पांढरे. जिवंत होती.

तिच्यापासून चार पावलांवर वाट संपली होती. संपली म्हणजे कोणी चावा घेतल्यासारखी अर्धीच उरली होती, आणि त्या टोकाला सायकल पडली होती. पुढचं चाक दरीवर अधांतरी होतं. ब्रेक दाबताच मागचं चाक घसरलं आणि आपण डोंगराच्या बाजूला फेकले गेलो, असं तिने सांगितलं. हँडलवरची डबी अजून चालू होती. मधूनच टिंग वाजायची आणि पडद्यावर बाण दाखवायची. सरळ.

“ही वाट कोणी टाकली?” डॉक्टरीण थरथरत होती, दुखण्याने आणि रागाने. “कोण मूर्ख आहे ती? मला भेटू दे एकदा. माणसं मरतील इथे.”

वाटाड्या मध्ये पडायला गेला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं.

“माझ्या मुलीची राइड आहे ती,” त्या म्हणाल्या.

“मग सांगा तिला! ती कशी गेली इथून पुढे?”

“इथपर्यंत ती सायकलवर होती,” काकू म्हणाल्या. “इथून पुढे नव्हती.”

डॉक्टरिणीला ते समजायला थोडा वेळ लागला. तिने एकदा दरीकडे पाहिलं, एकदा डबीकडे, मग काकूंकडे. ती रडायला लागली, आणि रडल्याने खांदा हलून दुखायला लागला, म्हणून तेही तिला धड करता येईना.

वाटाड्याने सायकल हळूच मागे ओढली आणि डबी काढून हातात घेतली. “रेघ आता एवढ्यातच उरलीय,” तो काकूंना म्हणाला.

“तुम्ही ठेवा,” डॉक्टरीण काकूंना म्हणाली. “डबीच घेऊन जा, काकू. मला नको.”

काकूंनी डबी हातात घेतली. त्यांना ती हवी होती. खोटं कशाला बोलायचं, त्या क्षणी समोरच्या पोरीच्या मोडलेल्या खांद्यापेक्षा त्यांना ती जास्त हवी होती. डबी बंद कपाटात ठेवता आली असती. कोणाला दिसली नसती, कोणाचं वाईट झालं नसतं. त्यांनी अंगठ्याने पडदा सरकवला. रेघ होती तशीच होती, काठाकाठाने, रमतगमत. डबीने त्यांच्या हातात टिंग केलं आणि बाण दाखवला. सरळ.

काकू टोकाशी गेल्या. वाटाड्याने मागून त्यांच्या एप्रनची नाडी घट्ट धरून ठेवली. खाली नदी होती. दोन उभ्या भिंतींमध्ये कोंडलेलं पांढरं पाणी, काळे खडक, आणि त्या खडकांवर पाणी जसं आपटत होतं ते बघून काकूंनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. इथून कोणी रमतगमत गेलेलं नव्हतं. दोन वर्षं त्या रोज दुपारी पोरीबरोबर म्हणून जे चालत होत्या, ते असं होतं. काठ नव्हता. वाट नव्हती. त्या रेघेने डॉक्टरिणीला फसवलं होतं तसंच रोज त्यांनाही फसवलं होतं, आणि त्यांनी स्वतःला आवडीने फसवून घेतलं होतं.

त्यांनी डबीवर पुसायचं बटण शोधलं. प्रश्न आला. काकूंनी दाबलं, डबी डॉक्टरिणीच्या मांडीवर ठेवली, आणि तिला उठवायला आपला खांदा पुढे केला.

तिला नाक्यापर्यंत आणायला फार वेळ गेला. वाटेत हॉस्पिटल आधी लागलं. तिला तिथे सोडून बंधाऱ्याकडे पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. स्कूटर पुलाच्या तोंडाशी उभी होती. काका कठड्याला दोन्ही हातांनी धरून जाळीकडे बघत होते. गाडीचा आवाज आला तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. वाटाड्या गाडीतच बसून राहिला.

“वाचली,” काकू मागून म्हणाल्या. “खांदा मोडलाय. पण वाचली.”

काका होते तिथेच खाली सिमेंटवर बसले. मग म्हणाले की दुपारपासून फांद्या वाहून येत होत्या. प्रत्येक फांदी लांबून माणसासारखी दिसते. काकू त्यांच्याशेजारी बसल्या. पाणी जाळीतून गाळलं जाऊन पलीकडे जात होतं.

काकांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“मला दाखव आता,” ते म्हणाले. “भिंगरीची ती रेघ. मी बघतो.”

दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव आलं होतं. काकूंना वाटलं, आता आपल्याला हे सहन होणार नाही. तरी त्यांनी सांगितलं. फोनमधली दुपारीच पुसली, डबीतली होती तीही पुसली. आता कुठेच नाही. काकांनी मान हलवली. चष्मा मात्र काढला नाही. तसेच बसून राहिले, समोर काहीतरी येईल अशा बेताने.

काकूंनी एप्रनच्या खिशात हात घातला. शिवणकामाचा खडू होता. त्यांनी दोघांच्या मधल्या सिमेंटवर एक ठिपका काढला आणि म्हणाल्या, हे आपलं घर. मग पूल. मग मोठा चढ, इथे ती दमून जरा हळू झाली होती. मग जंगल. एकही वळण त्या चुकल्या नाहीत. पहिला ओढा, दुसरा ओढा. काका वाकून बघत होते, कापायचं कापड बघतात तसे. काकूंचा हात त्या वळणावर आला आणि थांबला. तिथून बंधाऱ्यापर्यंत वीतभर सिमेंट कोरं राहिलं होतं.

“आणि पुढे?” काकांनी विचारलं.

“पुढे वाट नाही,” काकू म्हणाल्या.

काका त्या टोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंच्या हातातून खडू घेतला आणि रेघेच्या टोकाला, कात्रीने जिथे थांबायचं असतं तिथे, एक छोटी आडवी रेघ मारली.